डावीकडून गेलेल्या गाड्या

३ फेब्रुवारी, सोमवार

ही वही फेऱ्यांच्या नोंदींची. मागची साठेक पानं कोरी राहिली होती, ती वाया कशाला घालवा. लिहायचं कारण असं की आज डेपोत पत्र आलं. महामार्गाची वेगमर्यादा ऐंशीवरून शंभर करावी का, आणि लेनची शिस्त कॅमेरे लावून सक्तीने पाळायला लावावी का, यावर २० मार्चला सुनावणी आहे. ड्रायव्हरांतर्फे बोलायला युनियनने माझं नाव दिलं. सरचिटणीस म्हणाला, "तुमच्याइतका स्वच्छ माणूस आपल्याकडे दुसरा नाही."

खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. ३१ मार्चला मी निवृत्त होतोय. एकतीस वर्षांत एक अपघात नाही, एक दंड नाही, कुणाच्या गाडीला साधा ओरखडा नाही. असं सेवापुस्तक असलेल्या ड्रायव्हरला शेवटच्या दिवशी ‘निर्दोष सेवा’ असं कोरलेला पितळी बिल्ला देतात. आमच्या डेपोत आजवर दोघांनाच मिळालाय. हिने तर बाहेरच्या खोलीत खिळासुद्धा ठोकून ठेवला आहे.

माझी पद्धत साधी आहे आणि ती मी अकरा नव्या ड्रायव्हरांना शिकवली आहे. महामार्गाला लागलं की दुभाजकालगतची उजवी लेन धरायची. डावीकडे बंद पडलेले टेंपो, रेंगाळणाऱ्या स्कूटरी, मध्येच हात करणारी माणसं. उजवीकडे ही कटकट नाही. काटा ऐंशीवर ठेवायचा, ना एक वर ना एक खाली. आणि उजवा आरसा जरासा खाली झुकवून ठेवायचा, म्हणजे मागून लाइट मारणाऱ्या दीडशहाण्यांचा डोळ्यांना त्रास होत नाही. कायदा ऐंशी म्हणतो, मी ऐंशीने जातो. मग माझ्या मागच्याला घाई असायचं कारणच काय?

शंभर करायला माझा विरोध. कॅमेऱ्यांनाही विरोध. माणूस नाकासमोर बघून चालला तर कॅमेरा लागतोच कशाला?

४ फेब्रुवारी, मंगळवार

माझ्या कंडक्टरला आम्ही ‘तपशील’ म्हणतो. कुणी मेलं सांगितलं तरी हा विचारणार, किती वाजता? त्याचीच कल्पना. म्हणाला, "काका, सुनावणीत नुसतं बोलून भागत नाही, आकडे लागतात." म्हणून ठरलं, डावीकडून घुसून पुढे जाणाऱ्या गाड्या रोज मोजायच्या. डावीकडून ओव्हरटेक म्हणजे शिस्तीचा खून. तो दाराशी बसून कागदावर रेघा मारतो.

दहाची फेरी, सत्तर किलोमीटर. आज अडतीस.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

बुधवारी एकेचाळीस, काल सदतीस, आज बावन्न. समितीच्या नाकावर ठेवायला झकास पुरावा जमतोय.

जेवताना ठमीशी वाजलं. ठमी म्हणजे माझी मुलगी, सव्वीस वर्षांची झाली तरी घरात ठमीच. जानेवारीपासून तिला पलीकडच्या गावच्या इस्पितळात, प्रयोगशाळेत नोकरी लागली आहे, पहिले तीन महिने परीक्षेचे. जाण्यायेण्यासाठी जुनी पांढरी गाडी घेतली. चालवायला मीच शिकवलं, मागे लाल चमकती पट्टीही मीच लावून दिली, अंधारात दिसावी म्हणून. एका टोकाला जरा वाकडी बसली, पण बसली.

मी आकडे सांगितले तर म्हणते, "बाबा, तुमच्या पुढे रस्ता कसा असतो?"

"मोकळा. स्वच्छ."

"आणि डावी लेन?"

"तीही बरीचशी मोकळीच."

"मग तुम्ही उजवीकडे काय करता?"

मी म्हटलं, अगं मी ऐंशीने जातोय, कायद्याने कुणी मला ओलांडूच शकत नाही. ती आईकडे बघून हसली. आजकालच्या मुलांना चार महिने स्टिअरिंग धरलं की बापाला शिकवायचा परवाना मिळतो.

१० फेब्रुवारी, सोमवार

आजपासून आमच्या पट्ट्यात सहा आठवड्यांचा प्रयोग. उजवी लेन फक्त ओव्हरटेकसाठी, खांबांवर कॅमेरे, ठिकठिकाणी पाट्या. ज्यांना वाचायच्या त्यांनी वाचाव्या. त्रेचाळीस.

१२ फेब्रुवारी, बुधवार

आज एक माणूस माझ्या डोळ्यांदेखत मरता मरता वाचला. 

चढावरचं वळण. डावीकडून एक पांढरी गाडी सुसाट आली आणि माझ्या पुढे घुसायला लागली. वळणापलीकडे डाव्या लेनमध्ये एक टेंपो चाक काढून उभा. ती गाडी माझं बंपर आणि टेंपोचा कोपरा यांच्या मधून कशी निघाली ते तिलाच ठाऊक. मधे वहीचं पान जेमतेम मावलं असतं. मी ब्रेक दाबला, हॉर्न दाबून धरला आणि प्रवाशांसमोर बोलू नये ते सगळं बोललो. एक आजोबा पुढच्या दांडीवर आपटले, लागलं नाही. तपशील म्हणाला, "चालवायला बाई होती वाटतं." उंचावरून मला नुसतं टप दिसलं, तोवर ती पुढच्या वळणाआड गेली. हल्ली दर दुसरी गाडी पांढरी असते.

हा प्रसंग सुनावणीत सविस्तर सांगायचा. चव्वेचाळीस.

संध्याकाळी ठमीचं डोकं दुखत होतं. आज तिची उशिराची पाळी होती, दहानंतर निघाली होती. जेवली नाही. मी बातम्या बघत होतो तर जवळ येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आज दहाची फेरी तुमचीच होती ना?"

म्हटलं, रोज माझीच असते.

"काही नाही," म्हणाली आणि आत गेली.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

ठमी दोन दिवस बसने जाते आहे, दोन ठिकाणी बदलून. गाडीवर आच्छादन घातलंय. विचारलं तर क्लच जड झालाय म्हणाली. मी क्लच तपासला, काही जडबिड नाही. दीड महिन्यात हौस फिटली, दुसरं काय.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

आज गंमत झाली. उजव्या लेनमध्ये पट्टे रंगवायचं काम होतं, पन्नासेक किलोमीटरपर्यंत थोड्या थोड्या अंतराने रंगवणाऱ्यांच्या गाड्या आणि शंकू. सारखं आतबाहेर कोण करणार, म्हणून जाता-येता पूर्णवेळ डावीकडून चालवली. दोन टेंपो चुकवावे लागले, चार मिनिटं उशीर झाला, अंगाचा तिळपापड झाला. पण तपशीलने कागद दाखवला तर डावीकडून गेलेल्या गाड्या किती? दोन! त्याही मोटारसायकली.

मी म्हटलं, बघ, कॅमेऱ्याची भीती बसली. लोक सुधारले.

तपशीलने कालचा कागद काढून आजच्या शेजारी धरला. मग "असेल," म्हणाला.

१९ फेब्रुवारी, बुधवार

रंगकाम संपलं. सत्तेचाळीस. एका दिवसात बिघडले परत.

२४ फेब्रुवारी, सोमवार

ठमी शनिवारी तिसऱ्यांदा उशिरा पोचली. तिच्या वरिष्ठ बाईंनी सांगितलं, मार्चअखेर तीन महिने संपतात, असंच चाललं तर पुढचं पत्र मिळणार नाही. ही मला म्हणाली, "तिला गाडी चालवायची भीती बसली आहे, तुम्ही काहीतरी करा. पोरीने दोन वर्षं अभ्यास करून मिळवलेली नोकरी आहे."

म्हणून काल रविवारी मी तिला घेऊन निघालो. गावातल्या गावात ठीक चालवली. महामार्गाच्या चढणीशी आलो आणि तिने एकदम वेग कमी केला. गाडी कडेला घेतली, उतरली, दाराला टेकून उभी राहिली. मी समजावलं: रस्त्यावर माणसाने मनावर ताबा ठेवावा, एकतीस वर्षांत मला कधी भीती वाटली नाही, कारण मी माझी लेन सोडत नाही.

तिने माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं आता भांडणार. पण म्हणाली एवढंच, "बाबा, राहू द्या."

परत येताना गाडी मी चालवली. बापाने एवढी मेहनत घ्यायची आणि वर तोंड वळवून बसायचं, याला काय म्हणावं.

३ मार्च, सोमवार

तोंडात मारल्यासारखं झालंय.

डेपोत साहेबांनी आत बोलावलं, दार लावलं आणि एक कागद पुढे केला. १२ फेब्रुवारी, सकाळी १०.४०, बस क्रमांक माझा. ‘ओव्हरटेकसाठी राखलेली लेन विनाकारण अडवणे.’ दंड. मला! एकतीस वर्षांत पहिला कागद, आणि तोही निवृत्तीला चार आठवडे असताना. हा मान्य केला तर सेवापुस्तकात चढतो आणि बिल्ला गेला.

साहेब भला माणूस. म्हणाले, "अपील करा. त्या दिवशी डावीकडे टेंपो बंद होता ना? लिहा, डावी लेन अडलेली असल्याने उजवीकडून जावं लागलं. मी शेरा मारतो." खोटं काहीच नाही त्यात. टेंपो होताच. वळणदार अक्षरात लिहून दिलं.

हिला सांगितलं नाही. ती खिळ्यावरची धूळ पुसत होती.

६ मार्च, गुरुवार

तपशीलला साक्षीदार म्हणून सही करायला सांगितली तर घुटमळला.

"काका, टेंपो वळणावर होता. ती गाडी त्याच्या आधी चार किलोमीटर आपल्या मागे होती. लाइट देत होती. मला मागच्या काचेतून दिसत होती."

"मग सांगितलं का नाहीस?"

"पाच वर्षांपूर्वी एकदा सांगितलं होतं, मागे गाडी आहे म्हणून. तुम्ही म्हणालात, तू तिकिटं फाड."

मी तसं म्हणालो असेन. सही त्याने केली नाही. दिवसभर आम्ही बोललो नाही, पण रेघा मारत होता. एकोणपन्नास.

११ मार्च, मंगळवार

अपिलाच्या कार्यालयात जाऊन आलो. लहान खोली, एक बाई, एक संगणक, खिडकीत सुकलेली कुंडी. बाई म्हणाल्या, "चित्रण बघायचा तुम्हाला हक्क आहे, बघता?" म्हटलं, बघणारच.

एकामागून एक तीन खांबांवरचं जोडून लावलेलं होतं, सगळं पाठीमागून घेतलेलं. माझी बस उजवीकडे. डावी लेन रिकामी. मला ते ओळखीचं वाटेना. रिकामा रस्ता मी रोज पुढून बघतो, तेव्हा तो माझा असतो. मागून बघितला तेव्हा त्यात माझी बस दाराला लावलेल्या कपाटासारखी दिसली. कोपऱ्यात बसचा वेग लिहून येत होता: ७१. मी म्हटलं, हे चूक आहे, माझा काटा ऐंशीवर असतो. बाई सहज म्हणाल्या, "जुन्या बसचे काटे पुढे असतात हो. सगळ्यांचंच निघतंय." म्हणजे इतकी वर्षं मी कायद्याच्या ऐंशीनेही जात नव्हतो.

मागे एक पांढरी गाडी. अंतर सोडून, शहाण्यासारखी. लाइट देते, थांबते, पुन्हा देते. वेग ७१, ७१, ७१. चार किलोमीटर. मग इंडिकेटर देऊन डावीकडे वळली, वेग ७८, आणि शेवटच्या खांबाखाली तिची पाठ पहिल्यांदा जवळून दिसली.

मागच्या काचेखाली लाल चमकती पट्टी. एका टोकाला वाकडी.

"परत दाखवा," म्हटलं. बाईंनी परत दाखवलं. तिसऱ्यांदाही दाखवलं. टेंपो, माझी बस, मधली ती फट. मी खुर्ची ओढून बसलो.

बाईंनी पाणी दिलं. म्हणाल्या, "काळजी करू नका, टेंपो दिसतोय. अपील मंजूर व्हायला हरकत नाही. इथे सही करा."

मी म्हटलं, सही शुक्रवारी करतो.

१२ मार्च, बुधवार

रजा टाकली. ठमी सहाला उठून बससाठी पळाली. मी अंथरुणात जागा होतो, उठलो नाही. काय तोंडाने उठू?

१३ मार्च, गुरुवार

संध्याकाळी ती स्वयंपाकघरात मटार सोलत होती. ही शेजारी गेली होती. मी समोर बसलो, चार शेंगा घेतल्या आणि म्हटलं, "१२ तारखेला चढावर तू होतीस."

ती सोलत राहिली. "हो."

"तुला माहीत होतं मी आहे?"

"बसच्या पाठीवर नंबर असतो, बाबा. तुमचा मला पाठ आहे." मग म्हणाली, "लाइट देत होते. म्हटलं, आत्ता बघतील, आत्ता बघतील. आधी तर मजा वाटली, तुम्हाला हात करीन म्हटलं. मग कळलं, तुम्ही बघतच नाही."

"आरसा खाली असतो," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार होतो?

"पाळीला उशीर होत होता. वळणापलीकडे टेंपो दिसला तेव्हा ब्रेकला जागाच नव्हती. मी डोळे मिटले, बाबा."

मी विचारलं, अगं मग बोलली का नाहीस?

"काय बोलणार? तुमचे सात आठवडे राहिले होते. आईने खिळा ठोकलाय. आणि चूक माझीच ठरली असती. डावीकडून ओव्हरटेक करायचा नाही, हे तुम्हीच शिकवलंत."

"मी तुला शिव्या दिल्या त्या दिवशी. घाणेरड्या."

"हॉर्न ऐकला. शिव्या नाही ऐकू आल्या."

मला रडू फुटलं. मटार सांडले. ती उठून आली आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून उभी राहिली. मी तिच्या लहानपणी, ती तापाने फणफणलेली असताना तसाच ठेवायचो.

१४ मार्च, शुक्रवार

अपील मागे घेतलं. कारणाच्या रकान्यात लिहिलं: ‘डावी लेन चार किलोमीटर मोकळी होती. टेंपो त्यानंतर आला.’ साहेब म्हणाले, "वेड लागलंय का? सतरा दिवस राहिलेत!" म्हटलं, सतरा दिवस राहिलेत म्हणूनच.

हिला सगळं सांगितलं. आधी ठमीला जवळ घेऊन बसली, मग माझ्यावर तासभर बरसली, आणि सगळं शांत झाल्यावर म्हणाली, "खिळ्याला कॅलेंडर लावते."

१७ मार्च, सोमवार

दुपारची फेरी मागून घेतली. सकाळी ठमीच्या शेजारी बसून तिच्या इस्पितळापर्यंत जातो आणि बसने परत येतो. आज चढणीशी वेग कमी केला, पण उतरली नाही. मी एक शब्द बोललो नाही. एकतीस वर्षांतलं सगळ्यात अवघड काम.

डावीकडून चालवतोय. काटा आता एकोणनव्वदवर ठेवतो, म्हणजे खरे ऐंशी होतात. तपशीलने घड्याळ लावून, किलोमीटरचे दगड मोजून काढून दिलं. आज तीन.

२० मार्च, गुरुवार

सुनावणी. लांब टेबल, पाच माणसं, ध्वनिक्षेपक कुरकुरणारा. मालवाहतूकवाले शंभरसाठी तावातावाने बोलले. मग माझं नाव.

मी वही उघडली आणि आकडे वाचले. अडतीस, एकेचाळीस, सदतीस, बावन्न. सरचिटणीस मान डोलवत होता. अध्यक्षबाईंनी विचारलं, "या गाड्या डावीकडून कुणाला ओलांडून गेल्या?"

"मला."

थोडा हशा झाला. मी पुढे वाचलं: १८ फेब्रुवारी, दोन. "त्या दिवशी मी डावीकडे होतो. आणि १२ फेब्रुवारीला चव्वेचाळीस, त्यातली एक माझी मुलगी होती." मग हशा थांबला. सरचिटणीस टेबलाखालून माझा पाय दाबत होता.

शंभर करायला माझा आजही विरोध आहे, तेही सांगितलं. आधी माझ्यासारख्यांना डावीकडे घ्या, काटे तपासा, मग किती ते ठरवा. कॅमेरे ठेवा. मला पकडलं ते बरोबर होतं. अध्यक्षबाईंनी विचारलं, तुमचा अपघात कधी झाला नाही ना? मी म्हटलं, माझा नाही झाला. मागे काय काय झालं ते मी बघितलेलं नाही.

बाहेर पडल्यावर सरचिटणीस म्हणाला, "युनियनचं नाक कापलंत." कापलं असेल.

२८ मार्च, शुक्रवार

ठमीला पुढचं पत्र मिळालं! आठवडाभर एकदाही उशीर नाही. काल आणि आज ती एकटी गेली. मी खिडकीशी उभा होतो, ते तिला सांगायचं नाही असं हिला बजावलंय.

३१ मार्च, सोमवार

शेवटची फेरी. डावीकडून, वेळेत. तपशीलने कागदाची घडी खिशात कोंबली, त्यावर एकच रेघ होती. "मोटारसायकल," म्हणाला, "३ वाजून ६ मिनिटांनी." मग मिठी मारली. बिल्ला नाही, पण हार आणि घड्याळ मिळालं. साहेब चांगलं बोलले.

संध्याकाळी ठमी मला न्यायला आली. आता तिचा हात बसलाय. म्हणाली, चला, महामार्गाने लांबचा फेरा मारू. डावीकडून निघालो. पुढे एक रेंगाळणारा ट्रक आला म्हणून तिने उजवीकडे घेतलं, आणि पुढे बस. आमच्याच डेपोची. दुभाजकाला चिकटून, सत्तरने. ट्रक मागे पडला, डावीकडे आता दूरवर कुणी नाही.

ठमीने एकदा लाइट दिला. पुन्हा दिला. बस ढिम्म.

"डावीकडून काढू?" तिने विचारलं.

"नको. थांब."

मी नंबर वाचला. तो पोरगा मी शिकवलेल्या अकरांतला नववा. मन लावून शिकला होता, एकही गोष्ट दोनदा सांगावी लागली नाही.

"पुन्हा देऊ लाइट?"

"त्याला दिसणार नाही," मी म्हटलं. "उद्या सकाळी मला डेपोत सोड."